नववा टेक

त्या घरात कुणी हळू बोलत नसे. आईनं बावीस वर्षं कापडाच्या कारखान्यात मागावर काढली होती. मागांच्या खडखडाटानं तिचा उजवा कान पार गेला होता, आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर चारांतले दोन शब्द पोचायचे. मीठ हवं असलं तरी ओरडायचं, अंगात ताप आहे हे सांगायचं तरी ओरडायचं. त्यामुळे गल्लीला त्या घरातलं वेगळं काही सांगावं लागत नसे. थोरल्याच्या चपलेचा अंगठा तुटला, धाकटीला गणितात नऊ मार्क पडले, सगळं परस्पर पोचायचं.

अशा घरात वाढल्यावर धाकटीचा आवाज जो सुटला तो सुटलाच. वडील होते तेव्हा म्हणायचे, "कारखान्याचा भोंगा बिघडला तर हिला गच्चीवर उभी करा. कामावर उशीर होणार नाही कुणाला." वडील गेले, नाव राहिलं. घरात, शाळेत आणि पुढे बँडमध्येही ती भोंगाच.

आई तिचं गाणं ऐकायची ती हातानं. पोरीला समोर बसवायची, गळ्यावर तीन बोटं ठेवायची आणि डोळे मिटून घ्यायची. ही सवय तिला मागावर लागली होती. धागा तुटायच्या आधी त्याचा ताण बदलतो, आणि कानाला काही ऐकू येत नसलं की ते बोटांनाच कळतं. "गा," म्हणायची. पोर गायला लागली की बोटांखाली जे थरथरायचं त्यावर मान डोलवायची. थोरला हे बघत मोठा झाला. आपल्या बहिणीच्या गळ्यात काय आहे हे त्याला आधी कळलं ते आईच्या चेहऱ्यावरून.

थोरला एका गादीच्या कारखान्यात फोम कापायचा. दिवसभर तारेच्या करवतीनं जाड लाद्या उभ्या-आडव्या चिरायच्या आणि संध्याकाळी भुवया झाडून घरी यायचं. कारखान्याच्या मागं गोदाम होतं. तिथं फोमच्या लाद्या छतापर्यंत रचलेल्या असत, आणि त्यांच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. पहिल्यांदा टाळी वाजवली तेव्हाच थोरल्याला वाटलं, इथं गाणं रेकॉर्ड करावं. मालक भला माणूस. म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी काय वाटेल ते करा, फक्त विडी ओढू नका. एक ठिणगी पडली की तुम्ही, मी आणि चारशे गाद्या."

बँड चौघांचा. भोंगा गायची. थोरला बास गिटार वाजवायचा आणि रेकॉर्डिंगही करायचा. गिटारवर एक जण होता, तो एका दवाखान्यात कंपाउंडर होता. सगळे त्याला कंपाउंडरच म्हणत, आणि तोही गिटारच्या तारा पुड्या बांधल्यासारख्या नीटनेटक्या घड्या करून ठेवायचा. ड्रमवर फरशीवाला. आठवडाभर लोकांच्या स्वयंपाकघरांत गुडघ्यांवर बसून फरश्या लावायचा, म्हणून ड्रमसमोर बसला की आधी पाच मिनिटं गुडघे चोळायचा. बँडचं नाव 'उसवण'. ते आईनं दिलं होतं. नाव काय ठेवू, असं भोंग्यानं कानात ओरडून विचारलं, आणि आई तेव्हा उशीचा उसवलेला अभ्रा शिवत होती. तिला वाटलं, काय करतेयस असं विचारतेय. "उसवण," ती म्हणाली. चौघंही पोट धरून हसले आणि तेच ठेवलं.

रेकॉर्डिंगचं यंत्र जुनं होतं. मोठ्या रिळांचं, फितीचं. जाहिराती बोलून देणारं एक दुकान बंद पडलं, तिथून थोरल्यानं ते हातगाडीवर घालून आणलं. बरोबर चार रिळं मिळाली. नवी रिळं कुठं मिळत नव्हती, मिळाली तर परवडत नव्हती. म्हणून पद्धत अशी पडली, की गाणं एकदा वाजवायचं, पसंत पडलं नाही तर फीत मागं न्यायची आणि त्याच जागेवर पुन्हा वाजवायचं. नवं गाणं जुन्यावर चढायचं, जुनं पुसलं जायचं. पुढं पुढं थोरल्यानं या अडचणीचं तत्त्व करून टाकलं. "मागचं शिल्लक असलं की माणूस आळशी होतो," तो सांगायचा. "मागचं गेलं पाहिजे. तरच पुढचं येतं."

"फरशीचं असं नसतं बाबा," फरशीवाला म्हणायचा. "मागची नीट असेल तरच पुढची बसते."

यंत्रापाशी थोरला बसायचा, म्हणून थांबायचं कधी ते तोच सांगायचा. प्रत्येक टेक संपला की भोंगा तिथूनच, मायक्रोफोनसमोरून ओरडायची, "दादा, बास ना?" आणि तो यंत्र बंद करता करता म्हणायचा, "आणखी एकदा."

पहिल्या अल्बममध्ये सहा गाणी होती. उड्या मारणारी, हलकीफुलकी. कंपाउंडरची गिटार स्वच्छ, फरशीवाल्याच्या काड्या पत्र्यावर पाऊस पडावा तशा, आणि या सगळ्याच्या वर भोंग्याचा आवाज, उघड्या खिडकीसारखा. पहिलं गाणं होतं 'थांब'. तीन टेक झाले, चार झाले. तिसऱ्यात तर फरशीवाला इतका रंगला की गाणं संपल्यावरही वाजवतच राहिला. बाकीचे हात खाली घेऊन त्याच्याकडं बघत बसले होते.

"अरे, संपलं गाणं!" कंपाउंडर ओरडला.

"मला कुणी सांगितलं?" फरशीवाला म्हणाला आणि वर एक झांज वाजवून मग थांबला.

पाचवा, सहावा, सातवा. थोरल्याला काहीतरी कमी वाटत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. आठव्यानंतर भोंग्यानं तांब्याभर पाणी पिऊन खाकरून घेतलं. गोदामात फोमचा बारीक भुसा सदा उडत असे, तो उन्हाच्या पट्ट्यात दिसायचा आणि घशात बसायचा. नवव्या टेकला, 'थांब, दिवा मालवू नको' या ओळीत, 'थांब'वर तिचा आवाज चिरला. केसाएवढी चीर. वरचा सूर एका बाजूला, खालचा दुसऱ्या बाजूला, आणि मधून नुसती हवा. मग लगेच सांधला गेला.

थोरल्याच्या मानेवर काटा आला. आपल्याला हेच हवं होतं, हे त्याला ते ऐकू आल्यावर कळलं.

"चुकलं," भोंगा म्हणाली. "पुन्हा घेऊ?"

"हात लावू नकोस," थोरला म्हणाला. "बास."

उरलेली पाचही गाणी मग त्यानं तशीच घेतली. नवव्या टेकपर्यंत न्यायची, चीर येईपर्यंत. प्रत्येक गाण्याला ती आली. कधी ओळीच्या शेवटी, कधी मध्येच. त्यानं एक वही केली होती. तिच्यात गाण्याचं नाव आणि पुढं चीर कितव्या टेकला आली तो आकडा. सहाही गाण्यांपुढं नऊ, नऊ, नऊ. 'थांब'चं रीळ त्यानं पुन्हा वापरायला काढलं नाही. पहिली चीर त्याच्यावर होती. कागदात गुंडाळून आपल्या ट्रंकेत, वडिलांच्या घड्याळाशेजारी ठेवून दिलं. बाकीच्या तीन रिळांवर काम चालू राहिलं.

एक बाई दोन खोल्यांतून कॅसेटची छोटी कंपनी चालवायच्या. त्यांनी अल्बम काढला. चारशे कॅसेटी होत्या, महिन्यात संपल्या. एका वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं, 'या मुलीचा आवाज तुटतो तिथं ऐकणारा जोडला जातो.' थोरल्यानं ते कात्रण वहीत चिकटवलं. कंपनीच्या बाईंनी कारखान्यात फोन केला. मालकानं फोनचा रिसीव्हर फोमच्या लादीवर ठेवला आणि करवतीवर आवाज चढवून म्हणाला, "अरे ए, तुझी गादी विकली गेली वाटतं."

बाई म्हणाल्या, "ते जे फाटतं ना तिच्या आवाजात, पुढच्या वेळी ते थोडं जास्त येऊ दे."

दुसऱ्या अल्बमला वर्षभर लागलं. या वर्षात त्यांनी गावोगावच्या लहान सभागृहांत कार्यक्रम केले, आणि भोंगा कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी घोगऱ्या आवाजात बोलायला लागली. आधी दुपारपर्यंत, मग दिवसभर. वरचे सूर लागेनात म्हणून कंपाउंडरनं गिटारच्या तारा अर्ध्या सुरानं उतरवल्या. थोरल्यानं बासच्या उतरवल्या. गाणी खाली आली, संथ झाली. फरशीवाल्यानं काड्या सोडून ड्रमवर जाड कापड टाकलं. मधल्या जागा रिकाम्या राहिल्या, आणि त्या रिकाम्या जागांत तिचा आवाज तडकायचा. ऐकायला सुंदर होतं, हे कुणी नाकारू शकलं नसतं. कंपाउंडर म्हणाला, "आपला बँड मोठा झाला." सगळ्यांनाच तसं वाटलं.

वहीत आकडे पडत होते. पहिल्या गाण्याला सात, दुसऱ्याला सहा, मग पुन्हा सहा. शेवटच्याला पाच. थोरला खूश झाला. "लवकर यायला लागली," तो फरशीवाल्याला वही दाखवून म्हणाला. "आता नऊ-नऊदा गावं लागत नाही तिला. त्रास वाचला."

फरशीवाल्यानं वही हातात घेतली, दूर धरली, जवळ धरली. चष्मा लागला होता पण घालायचा नाही. "हे आकडे खाली चाललेत," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय."

"मी वेगळं म्हणतोय." त्यानं वही परत दिली आणि गुडघे चोळायला लागला.

दुसरा अल्बम आला तेव्हा आईनं भोंग्याला समोर बसवलं. "गा," म्हणाली. भोंगा गायली. आईनं तीन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि लगेच उघडले. बोटं जरा डावीकडं सरकवली.

"थांब," आई म्हणाली. "इथं गाठ मारल्यासारखं लागतंय."

"अल्बम किती खपला विचार ना!" थोरला तिच्या कानाशी ओरडला.

"काय?"

"खपला! हजार!"

"हजार काय?" आईनं हात काढला नव्हता. "तू ऐक जरा. नाही, कानानं नाही, इथं हात लाव. तुटायच्या आधी असं लागतं. बावीस वर्षं हेच केलंय मी."

थोरल्यानं हात लावला. त्याला गळा लागला, ऊब लागली. दुसरं काही कळलं नाही. कळून घ्यायला त्याला बावीस वर्षं मिळालेली नव्हती, आणि कळावं अशी फारशी इच्छाही नव्हती. "माग नाही आई तो," तो ओरडला. "पोरगी आहे!" गल्लीत कुणीतरी हसलं.

कंपाउंडरनं दवाखान्यातून गोळ्या आणून दिल्या, सूज उतरायच्या. एक घेतली की दोन तास आवाज मोकळा व्हायचा. "रोज नको घेऊस," तो भोंग्याला सांगायचा आणि पुढच्या आठवड्याची पुडी हातावर ठेवायचा.

तिसऱ्या अल्बमची तारीख ठरली त्याच सुमारास एका सकाळी भोंगा उठली आणि तिला आईला हाक मारता येईना. तोंड उघडायचं, मान ताणायची, आणि बाहेर यायचा फक्त वारा. आईला अर्थातच काही वेगळं जाणवलं नाही. तिला एरवीही पाठमोरी असताना काही ऐकू येत नसे. थोरल्यानं मात्र ते पाहिलं.

तो तिला घशाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टर बाई मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लांब दांडीचा आरसा घशात धरून बराच वेळ पाहिलं. मग हात धुतले, आणि धुता धुताच म्हणाल्या, "दोन्ही स्वरतंतूंवर घट्टे आलेत. एकातून रक्त झिरपलंय. तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. पाटी घ्या एक."

"आणि गाणं?" थोरल्यानं विचारलं.

डॉक्टर बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "तुम्ही कोण?"

"भाऊ."

"मग तुम्हीच लक्ष ठेवा. आता गायली, तर जे उरलंय त्याची खात्री मी देणार नाही."

दोन दिवसांत थोडा आवाज परत आला. गोदामात चौघं बसले. कंपनीच्या बाईंनी रेडिओवर तासाभराचा कार्यक्रम ठरवला होता, त्याच्या आधी कॅसेट हवी होती. सहा गाणी तयार होती, फक्त रेकॉर्ड करायची होती.

"पुढं ढकला," फरशीवाला म्हणाला. "मी नवी फरशी लावली की दाराला दोरी बांधतो. तीन दिवस पाय ठेवू नका म्हणून सांगतो. आणि पहिला पाय कोण ठेवतो माहितेय? मालक स्वतः. घाई झालेली असते त्याला आपलं घर बघायची. मग वर्षभर मला बोलावतो, ही हलते, ती हलते."

"एका दिवसाचं तर काम आहे," कंपाउंडर म्हणाला. "मी इंजेक्शनचं बघतो. नंतर तीन महिने गप्प बसेलच की ती."

भोंग्याच्या मांडीवर पाटी होती. तिनं लिहिलं, 'आधी गाते. मग गप्प.' खाली लिहिलं, 'गल्लीला सुट्टी.' आणि हसली. मग पाटी पुसून थोरल्यापुढं धरली, कोरी. आता त्यानं सांगायचं, असा त्याचा अर्थ.

थोरल्याच्या हातात वही होती. नऊ, नऊ, नऊ. सात, सहा, सहा, पाच. कार्यक्रमांच्या तालमींत चार, तीन. ताप उतरत जावा तसे आकडे, पण हा ताप नव्हता आणि हे उतरणं बरं नव्हतं. एकाच्या खाली काय येतं, हे शाळेत पहिलीतच शिकवतात. हे सगळं त्याला त्या क्षणी दिसलं, लख्ख दिसलं. त्यानं वही मिटली.

"सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला," तो म्हणाला.

त्या सकाळी ऊन चांगलं होतं. उन्हाच्या पट्ट्यात भुसा तरंगत होता. तारा आता पहिल्या अल्बमपेक्षा दोन सुरांनी खाली होत्या, इतक्या सैल की गिटारच्या लाकडावर आपटायच्या. फरशीवाल्यानं फक्त मोठा ड्रम ठेवला होता, दूर कुणीतरी दार ढकलतंय तसा. पाच गाणी झाली. वही यंत्राशेजारी उघडी होती आणि थोरला लिहीत होता. तीन. दोन. दोन. दोन. दोन. दर वेळी भोंगा विचारायची, "दादा, बास ना?" आता ते ओरडणं नव्हतं. फरशीवर वाळू ओढावी तसं काहीतरी होतं. दर वेळी तो ऐकायचा, आणि चीर अजून थोडी खोल जाईल असं त्याला वाटायचं.

सहावं गाणं शेवटचं. 'थांब'च पुन्हा घ्यायचं ठरलं होतं, नव्या सुरात, संथ. कंपनीच्या बाईंची तशी खास मागणी होती. पहिला टेक सुरू झाला आणि पहिल्याच शब्दाला आवाज चिरला. सांधला गेला नाही. शेवटपर्यंत उघडाच राहिला.

थोरल्यानं वहीत एक लिहिलं.

फरशीवाल्यानं काठी मांडीवर आडवी ठेवली. भोंग्यानं हातानंच विचारलं, तळवा उलटा करून. बास ना?

टेक चांगला होता. तो ठेवला असता तरी चाललं असतं, हे थोरल्याला त्या वेळीही माहीत होतं आणि पुढं जन्मभर माहीत राहणार होतं. पण ओळीच्या शेवटी बास अर्धा ठोका उशिरा पडला होता, आणि चूक त्याची स्वतःची होती.

"आणखी एकदा," तो म्हणाला.

दुसरा. तिसरा. चौथ्या टेकला ती 'थांब' म्हणायला गेली आणि 'थां'वर आवाज गेला. चिरला नाही, फाटला नाही. दोरी सुटून बादली विहिरीत जावी तसा गेला, फक्त खाली पडल्याचा आवाज आला नाही. ती गातच होती. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या, पुढची ओळ, त्याच्या पुढची. मायक्रोफोनमध्ये नुसता श्वास जात होता. कंपाउंडर वाजवत राहिला, कारण त्याचे डोळे मिटलेले होते. फीत फिरत होती. शेवटी फरशीवाला उठला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

कंपाउंडरनं डोळे उघडले. ते ओले होते. "हा ठेव," तो कुजबुजला. "देवा रे. असं कुणी कधी ऐकलं नसेल. हाच ठेव."

आणि थोरल्यानं तो ठेवला.

अल्बम गाजला. रेडिओवर तो श्वास पूर्ण वाजवला गेला. लोकांनी लिहिलं की हा बँड एकेक मजला उतरत तळघरापर्यंत आला आहे, की पहिल्या अल्बममधल्या खिडकीपासून या अंधारापर्यंतचा प्रवास थक्क करणारा आहे. कंपनीच्या बाईंनी विचारलं, चौथ्यात काय? थोरल्यानं फोन लादीवर ठेवून दिला आणि करवत चालू केली.

तीन महिने झाले, सहा झाले. एक शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर बाईंनी पुन्हा आरसा घालून पाहिलं आणि या वेळी हात धुवायला जास्त वेळ लावला. "कुजबुज राहील," त्या म्हणाल्या. त्या घरात कुजबुजीचा काय उपयोग, हे त्यांना कोण सांगणार? आईशी बोलायचं तर भोंग्याला पाटीच लागायची, आणि आईला वाचायला वेळ लागायचा, एकेक अक्षर बोटानं. गल्ली शांत झाली. पलीकडची म्हातारी एकदा दारात येऊन विचारून गेली, "तुम्ही सगळे बरे आहात ना?"

एका दुपारी भोंग्यानं थोरल्यापुढं पाटी धरली. 'माझा आवाज लाव.'

त्यानं पहिल्या अल्बमची कॅसेट आणली. तिनं मान हलवली. पुसून लिहिलं, 'हा नाही. चिरायच्या आधीचा. पहिला टेक.'

थोरला तसाच उभा राहिला. तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, पण पाटीवर लिहिलेलं वाचल्याशिवाय त्याचा पूर्ण अर्थ त्याच्यापर्यंत आला नव्हता. पहिला टेक कुठंच नव्हता. कुठल्याही गाण्याचा नव्हता. आठ स्वच्छ टेक, सहा गाणी, आणि एकेकावर त्यानं स्वतःच्या हातानं फीत मागं नेऊन पुढचा चढवला होता. जगात तिचा जेवढा आवाज शिल्लक होता तेवढा सगळा चिरलेला होता, कारण तेवढाच त्यानं निवडला होता.

मग त्याला ट्रंकेतलं रीळ आठवलं. आणि फरशीवाला आठवला, तिसऱ्या टेकला थांबायचं विसरलेला. तिसरा टेक सगळ्यांत लांब होता. त्याच्यावर चौथा चढला, पाचवा चढला, नववा चढला, पण ते सगळे त्याच्याहून आखूड होते. शेपूट उरलं असेल. कुणी पुसायला गेलंच नव्हतं.

त्यानं हातगाडीवर घालून यंत्र घरी आणलं. फरशीवाला मागून ढकलत आला आणि दारातच थांबला. टेबलावर जागा करून थोरल्यानं रीळ चढवलं. आईला काय चाललंय ते कळलं तेव्हा ती खुर्ची ओढून जवळ बसली आणि तिनं तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवला. भोंगा पलंगाच्या कडेला, पाटी मांडीवर.

नववा टेक वाजला. चीर आली, गेली. आईची बोटं त्या जागी किंचित आखडली. गाणं संपलं, खटका वाजला, आणि त्याच्या पुढं, तीन वर्षांपूर्वीच्या उन्हात, फरशीवाल्याच्या काड्या पत्र्यावर वाजत होत्या. "अरे, संपलं गाणं!" कंपाउंडर. "मला कुणी सांगितलं?" झांज. दारात उभ्या फरशीवाल्यानं तोंड फिरवलं.

मग ती. मोकळी, मोठी, गच्चीवरून ओरडावं तशी, एक तडा नसलेली.

"दादा, बास ना?"

आईचा चेहरा उजळला. हात जाळीवर घट्ट दाबून ती ओरडली, "हीच! हीच माझी भोंगा!" पलंगावर भोंग्यानं दोन्ही हात गळ्याशी नेले होते.

त्याच्यामागून फितीवर आणखी एक आवाज आला. जाडसर, खुशीतला, यंत्राजवळचा.

"आणखी एकदा."

खटका. पुढं नुसती फीत.

आईनं हात तसाच ठेवला. कपाळाला आठी पडली. तिला शब्द कळला नव्हता, थरथर कळली होती. "हा दुसरा कोण बोलला रे मागून?" तिनं विचारलं.

थोरल्यानं भोंग्याकडं पाहिलं. भोंगा त्याच्याकडंच बघत होती. पाटी कोरी होती.

"मी," तो म्हणाला.

"काय?"

"मी होतो, आई."

आईनं डावा कान त्याच्या तोंडाशी आणला आणि केस मागं सारले. "मोठ्यानं बोल," ती म्हणाली.